तिघं तरी पाहिजेत

शनिवारी दवाखाना सुटायच्या सुमारास ते उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर ठेवत, मग तिच्या शेजारच्या बोटावर, मग मधल्या बोटावर. तिथं अंगठा थांबला की चेहरा जरा सैल होई. पण पुष्कळदा तो दुसऱ्या बोटावरच अडे, आणि मग म्हाताऱ्याला घोटभर चहासुद्धा गोड लागत नसे. त्या काळात तुमच्यापैकी कुणी सेलूच्या गुरांच्या दवाखान्यात बैल घेऊन आला असेल, तर त्यानं हे पाहिलं असेल आणि त्याला वाटलं असेल की म्हातारा जप करतोय. जप नव्हता तो. ते माणसं मोजत असत.

"बाबूसाब, उद्याचे दोनच व्हायलेत," ते मला म्हणत. "तिघं तरी पाहिजेत."

ते आमच्याकडं ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैलाचा जबडा उघडून बांबूच्या नळीनं औषध घशात सोडायचं, हे त्यांचं काम. मी तिथला कारकून. एवढाली जनावरं हाताळणारा माणूस मुळात भित्रा असेल, हे मला पहिले काही दिवस खरंच वाटलं नाही. बैल बुजला की ते त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत, "भिऊ नको रं. मीबी भ्यालोय." आणि खरोखर भ्यालेले असत, हात थरथरताना आम्हाला दिसत. शेतकरी हसायचे. बैल मात्र मुकाट उभा राहायचा, आणि पट्टी कधी सैल बसली असं झालं नाही.

ते ख्रिस्ती होते. आजा मिशनच्या काळात झालेला. त्यांची मंडळी मूळची अँग्लिकन, म्हणजे वर बिशप असलेली, छापील पुस्तकातून प्रार्थना म्हणणारी आणि गुडघे टेकून प्रभुभोजन घेणारी. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांनी घ्यायचा द्राक्षरसाचा घोट. माझ्यासारख्या बाहेरच्याला त्यात विशेष काही दिसत नसे. त्यांच्या दृष्टीनं महिन्याचे बाकीचे दिवस त्या घोटासाठीच होते.

स्टेशनाच्या पलीकडं त्यांचं छोटं, पत्र्याचं चर्च होतं. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी परभणीहून यायचे. आणि जुन्या पुस्तकात नियम असा होता की पाळकाखेरीज निदान तिघं घेणारे असतील तरच प्रभुभोजन होईल. तिघं नसले तर नुसती प्रार्थना म्हणायची आणि घरी जायचं. त्या रविवारच्या आदल्या शनिवारी चालणाऱ्या मोजणीचं मूळ हे होतं. प्रभुभोजन न घेता एके दिवशी आपण मरून जाऊ, ही त्यांची जन्माची भीती होती.

ते पुस्तक ते दवाखान्यातल्या बँडेजच्या कापडात गुंडाळून उशाला ठेवत. मला त्यांनी ते बरेचदा दाखवलं. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची, लग्नाची, बाप्तिस्म्याची. पण शेवटाकडं आलं की पानांचा एक गठ्ठाच्या गठ्ठा चिमटीत धरून ते पलीकडं टाकत. मी विचारलं, यात काय आहे? "आजाऱ्याजवळ म्हणायचं हाय, आन मातीच्या वेळचं हाय," ते म्हणाले. "ती पानं मी उघडीत न्हाई. वाचली की बलावल्यासारखं होतं." ओल लागून ती पानं एकमेकांना चिकटून गेली होती, तरी त्यांनी ती सोडवली नव्हती.

मी सेलूत आलो तो अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि त्यावरून खेड्यापाड्यांत आमच्या बौद्ध वस्त्यांवर हल्ले चालले होते. बायको आणि दोन वर्षांची मुलगी वालूरच्या पलीकडं आमच्या खेड्यात होती. त्यांना घेऊन आलो खरा, पण सेलूत खोली मिळेना. आडनाव सांगितलं की रिकामी खोली एकदम भरलेली निघायची. तीन दिवस आम्ही दवाखान्याच्या पडवीत काढले. चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"चर्चच्या मागं एक खोली हाय. मी लय भित्रा माणूस हाय, बाबूसाब. पण खोली रिकामी हाय."

आम्ही तिथं राहायला गेलो. आठवडाभरात एका दुपारी कुणीतरी ओरडत आलं की बाजाराकडून जमाव निघालाय. त्यांनी आम्हाला चर्चमध्ये नेलं, बाहेरून कडी घातली आणि स्वतः पायरीवर बसले. हातात हत्यार म्हणून काय, तर बैलाला औषध पाजायची बांबूची नळी. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती थरथरत होती. माझी मुलगी रडायला लागली तशी दारापलीकडून त्यांचा आवाज आला, "भिऊ नको माय. मीबी भ्यालोय." ती गप्प झाली.

दिवस मावळेपर्यंत कुणी आलं नाही. कडी काढल्यावर माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, "काका, तुमाला कशाचं भ्या? तुमी तर किरिस्ताव."

"माझा आजा आन तुमचा आजा एकाच वस्तीतला, लेकी," ते म्हणाले. "आग लावणारा बाप्तिस्मा झालाय का ते इचारीत न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागलो.

आता त्यांच्या मंडळीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही. मी यायच्या काही वर्षं आधी वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र होऊन एक मोठी मंडळी झाली होती. एकत्र झाल्यावर भांडणं सुरू झाली, यात आपल्याकडं नवल करण्यासारखं काही नाही. कुणी म्हणे, गुडघे टेकायला कशाला हवेत, बसून घेतलं तरी देव घेऊ देतो. कुणी एका प्याल्याऐवजी प्रत्येकाला वेगळी इवलीशी पेली आणली. मग एका रविवारी परभणीहून आलेल्या एका बाईंनी वेदीजवळ उभं राहून उपदेश केला.

काकांना यातलं काहीही मान्य नव्हतं. त्यांच्या मंडळीत एक सिस्टरबाई होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. निम्म्या सेलूची बाळंतपणं त्यांनी केली असतील. त्या नव्या मताच्या. त्या काकांना तोंडावर म्हणाल्या, "बाळंतपणाला बाई चालती, अन उपदेशाला चालत न्हाई व्हय?"

"चालत न्हाई," काका म्हणाले. विषय संपला. आणि पुढच्या प्रभुभोजनाला दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकून होते, कारण तिसरा मिळायची मारामार आणि दुसरा गमावणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

काकांचा धाकटा भाऊ जिनिंगमध्ये फिटर होता. त्याचं मतही काकांचंच, अक्षर न अक्षर. फरक एवढाच की मी यायच्या आधीच तो बाहेर पडला. जुन्या मताची दहाएक घरं त्याच्यामागून गेली, आणि चर्चमध्ये उरली ती दोन-चार माणसं. त्याच्या अंगणात रविवारी मंडप पडू लागला, जुनं पुस्तक, एकच प्याला, सगळे गुडघ्यांवर. चर्चची इमारत कुणाची, यावरून कोर्टात दावा लागला. समन्स आलं की काका ते मला वाचायला देत आणि वाचून होईपर्यंत खांबाला धरून उभे राहत.

भाऊ एकदा दवाखान्यातच आला. माझ्यासमोर म्हणाला, "दादा, तू म्हणतूस तेच आमी म्हणायलोत. तिकडं तुझं कोण हाय? इकडं ये. दर रविवारी प्रभुभोजन हाय. माणसं मोजायची गरज न्हाई."

काकांनी हातातली पट्टी पूर्ण बांधून गाठ मारली आणि मग मान वर केली. "तुमी बरोबर हाव," ते म्हणाले. "पण निघून गेलाव."

भाऊ गेल्यावर मी त्यांना छेडलं. मला हे पटतच नव्हतं. माझा बाप छप्पन साली सगळं सोडून बाहेर पडलेला माणूस. सोडण्यात लाज असते असं आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. मी म्हणालो, "काका, जिथं आपलं मन नाही ते सोडावं. आम्ही सोडलंच की."

त्यांनी कात्री पुसून डब्यात ठेवली. मग म्हणाले, "तुमाला त्यांनी कधी आत घेतलं व्हतं? तुमी बाहेरच व्हताव, बाबूसाब. बाहेरच्या माणसानं निघून जाणं येगळं. मला कुणी बाहेर काढलं न्हाई. ते चुकायलेत, पण मला बसायला जागा देयलेत."

"आणि उद्या चर्चच राहिलं नाही तर?"

"जखमेच्या दोनी कडा जवळजवळ ठिवाव्या लागत्यात. एक कड उचलून नेली तर ती भरंल कशी?" मग आवाज एकदम खाली आला. "भ्या हायच. चुकीच्या लोकांत बसलो म्हणून देव मला इचारंल, ह्येबी भ्या हाय."

बाहेर पडणाऱ्यांना रागानं बळ दिलं होतं, असं मला पुष्कळदा वाटायचं. काकांपाशी राग नव्हता. होती ती नुसती भीती, आणि तेवढ्या भांडवलावर ते वर्षानुवर्षं तिथंच बसून राहिले.

ते निवृत्त झाले. गुडघे धरू लागले, तसं मी त्यांना रविवारी सायकलच्या कॅरिअरवर बसवून चर्चला नेऊ लागलो. आम्ही तोवर दुसरीकडं राहायला गेलो होतो. त्यांना सोडून मी मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसे. तिघांमधला तिसरा म्हणजे रेल्वेचा एक म्हातारा गँगमन होता. एका महिन्यात मुलानं त्याला परभणीला नेलं, आणि त्याच रविवारी एक नवीन पाळकसाहेब पहिल्यांदाच सेलूत आले.

प्रार्थना झाल्या. घेणाऱ्यांनी पुढं यावं, असं पाळकसाहेब म्हणाले. काका आणि सिस्टरबाई वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघ्यांवर टेकले. पाळकसाहेब मागं बघत थांबले. काकांचा अंगठा दुसऱ्या बोटावर होता, मला मागूनही दिसत होता. कसं झालं ते सांगता येत नाही, पण मी वर्तमानपत्र ठेवलं, पुढं गेलो आणि काकांच्या शेजारी गुडघे टेकले. माझा देवावर विश्वास नाही, त्यांच्या देवावर नाही आणि कुठल्याच नाही. एका माणसासाठी एवढं अडलंय तर होऊ माणूस, एवढाच माझा हिशेब होता. नव्या पाळकांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि पुस्तक उघडलं.

काकांनी हात वर केला. "पाळकसाहेब, थांबा. हे आपल्यातले न्हाईत."

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ दारांत ऐकलं होतं. इथं ऐकेन असं वाटलं नव्हतं. मी उठलो आणि बाहेर सायकलपाशी जाऊन उभा राहिलो. प्रभुभोजन झालं नाही. काकांना मी घरी सोडलं, पण वाटेत बोललो नाही, आणि त्यानंतर दोन महिने त्यांच्याकडं फिरकलो नाही. सिस्टरबाई त्यांना रिक्षानं नेत, असं कानावर आलं.

एका संध्याकाळी ते काठी टेकत आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर येईनात.

"पुस्तकात लिवलंय, इश्वास नसताना जो घेतो त्यो आपल्या अंगावर शिक्षा वढून घेतो," ते म्हणाले. "तुमी माझ्यासाठी घ्यायलताव. तुमाला काई झालं असतं म्हंजे?"

"काका, मी तर देव मानतच नाही."

"तुमी न्हाई मानत. मी मानतो की. मग भ्या कुणाला वाटायचं?"

मला हसू आलं. तोंडाशी आलेला घोट या माणसानं माझ्यासाठी परत लोटला होता, आणि मी दोन महिने फुगून बसलो होतो. माझ्या काळजीनं इतकं भ्यालेलं माणूस आई गेल्यावर मला भेटलं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून आत आणलं. दुसऱ्या रविवारी सायकल पुन्हा त्यांच्या दारात उभी केली.

तिसरा पुढं कधी मिळे, कधी नाही. पाळकसाहेब चांगले होते. ते म्हणत, "काका, नव्या पद्धतीत ही अट नाही. तुम्ही दोघं आहात, मी देतो." काका नको म्हणत. जुन्या पुस्तकाबाहेर एक पाऊलही त्यांना टाकवत नसे. भावाच्या अंगणात तेच जुनं पुस्तक दर रविवारी उघडत होतं. तिकडंही त्यांचं पाऊल पडत नसे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामविस्तार झाला. आम्ही आतून आनंदात होतो आणि दारं लावून बसलो होतो. गावात तणाव, एसटी बंद. त्याच दिवसांत काकांचा दमा उलटला. सिस्टरबाईंनी नाडी पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "पाळकसाहेबांना निरोप द्या." मी स्टेशनवरून फोन लावला. पाळकसाहेब पॅसेंजरनं आले, दुपारी, पिशवीत प्याला घेऊन.

आजाऱ्याजवळही एकट्यानं घ्यायचं नसतं, आणखी दोघं सोबत घेणारी लागतात, असं काका धापा टाकत म्हणाले. त्यांनी कधीतरी वडिलांकडून ऐकलं होतं. अंगठा करंगळीवर ठेवला: ते स्वतः. दुसऱ्या बोटावर: सिस्टरबाई. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी सायकल काढली.

भाऊ अंगणात बसला होता. सांगितल्यावर त्याचं तोंड पांढरं पडलं. "मी त्या पाळकाच्या हातचं घेतलं, तर उद्या ही दहा घरं मला इचारतील की मंग आपण निघालो कशाला. दावा हाय कोर्टात."

"तो तुमचा दादा आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर," तो म्हणाला. पण चपला घालून माझ्याबरोबर निघाला. काकांच्या अंगणापर्यंत आला आणि नळापाशी थांबला. तिथून पुढं त्याचा पाय उचलेना. मी दोनदा बोलावलं.

"आला?" काकांनी विचारलं.

"अंगणात आहे."

"आत?"

मला खोटं बोलता आलं नाही. अंगठा दुसऱ्या बोटावर होता, तिथंच राहिला. "मंग ऱ्हायलंच," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी भीती आली ती मी अठ्ठ्याहत्तरच्या त्या दुपारीसुद्धा पाहिली नव्हती. मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "काका, भिऊ नका. मीबी भ्यालोय."

पाळकसाहेबांनी उशाचं पुस्तक घेतलं आणि आजाऱ्याजवळची प्रार्थना शोधू लागले. पानं चिकटलेली. सिस्टरबाईंनी पट्टीच्या कात्रीनं ती हलकेच सोडवून दिली. पाळकसाहेब वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. मग त्यांनी तो मजकूर काकांना सावकाश समजावून सांगितला. एखाद्या आजाऱ्याला सोबत घेणारं कुणी मिळालं नाही, म्हणून प्रभुभोजन घेता आलं नाही, पण त्याचा मनापासून विश्वास असेल, तर तोंडाला काही न लागताही त्याला ते पोचतं. असं तिथं छापलेलं होतं.

"माझ्या पुस्तकात?"

"तुमच्याच."

"पुन्ना वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. काका छताकडं बघत होते. "चाळीस वरसं ह्ये माझ्या उशाला व्हतं?"

"उघडलं असतं तर दिसलं असतं," सिस्टरबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"भ्यालो व्हतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांची भीती गेली होती का, हे मी सांगू शकत नाही. हाताची थरथर थांबली होती, एवढं मी पाहिलं. मातीला दोन्हीकडचे लोक आले आणि कबरीच्या दोन बाजूंना वेगवेगळे उभे राहिले.

पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांचा रविवार आला. मला तिथं काहीच काम नव्हतं, तरी मी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. कठड्याशी सिस्टरबाई एकट्याच होत्या. तेवढ्यात दारातून भाऊ आणि त्याची बायको आली. कुणाकडं न बघता दोघं पुढं गेली आणि गुडघ्यांवर टेकली. तिघं झाले. प्याला फिरला. मी बाकावर बसून मोजत होतो. काका असते तर चार झाले असते, आणि मला फार रडू आलं.

त्यानंतरचा महिना मी कसाबसा काढला. भावाला त्याच्या लोकांनी जाब विचारल्याचं ऐकलं. दावा अजून चालूच होता. शनिवारी दवाखाना सुटला तसा मी घरी न जाता सायकल त्याच्या घराकडं वळवली. तो अंगणातच होता.

"उद्या येताय ना?" मी विचारलं.

तो माझ्या हाताकडं पाहत राहिला. मीही पाहिलं. सिस्टरबाईंची करंगळी झाली होती, आणि अंगठा दुसऱ्या बोटावर अडला होता.